गुरुद्वारात पहिल्यांदा जाताय? काय करायचं आणि ते तसंच का करायचं

आपण शीख नाही तर गुरुद्वारात गेलेलं चालतं का, हा प्रश्न बरेच जण विचारतात. बिनधास्त जा. अमृतसरच्या हरमंदिर साहिबला, म्हणजे सुवर्णमंदिराला, चार दिशांना चार दरवाजे आहेत, ते कुठूनही आणि कुठल्याही जातीधर्माचा माणूस आत यावा म्हणूनच. आत गेल्यावर पाळायचे नियम मात्र आहेत आणि ते सगळ्यांना सारखेच, मग तुम्ही मंत्री असा नाहीतर हमाल. नुसते नियम पाठ केले तर आत गेल्यावर गोंधळायला होतं, म्हणून जोडीला कारणंही सांगतो.

जाण्याआधी खिसे तपासा. सिगरेट, गुटखा, तंबाखूची पुडी काही असेल तर बाहेरच ठेवून या, कारण शिखांमध्ये तंबाखूला कडक मनाई आहे आणि पुडी नुसती खिशात घेऊन आत जाणंही त्यांना अपमानच वाटतो. दारू पिऊन तर जाऊच नका. चप्पल-बूट जोडाघरात द्यायचे, तिथे बूट घेणारा माणूस बहुतेकदा नोकर नसतो, सेवेला आलेला असतो, त्यात डॉक्टर, व्यापारी कोणीही असू शकतं, त्यामुळे त्याला टीप वगैरे देऊ नका प्लीज. हातपाय धुवायचे आणि डोकं झाकायचं, पुरुषांनी आणि बायकांनी दोघांनीही. रुमाल नसेल तर दारातच मिळतो. कॅप घालून जाऊ नका, कापडच बांधा.

आता आत. समोर पालखीत गुरू ग्रंथ साहिब असतो, वर चांदवा, बाजूला चौरी ढाळणारा माणूस. तुम्ही जाऊन माथा टेकायचा, पैसे टाकायचे असतील तर टाका, नाही टाकले तरी कोणी बघत नाही. पण माथा टेकायचा तो ग्रंथासमोर, तिथे बसलेल्या ग्रंथीसमोर नाही! आपल्याकडची सवय अशी की आत बसलेला माणूस दिसला की हात आपोआप त्याच्या पायाकडे जातात, ते इथे करू नका, त्यालाच अवघडल्यासारखं होतं. ग्रंथी म्हणजे पुरोहित नव्हे. तो ग्रंथ वाचतो, सांभाळतो, आणि हे काम कोणीही शीख करू शकतो, बाईसुद्धा. १७०८ मध्ये नांदेडला गुरू गोबिंद सिंगांनी देह ठेवण्याआधी गुरुपद ग्रंथाला दिलं आणि देहधारी गुरूंची परंपरा तिथेच थांबवली. म्हणजे दहा गुरूंनंतर अकरावा माणूस नाहीच, ग्रंथच गुरू. त्याआधी १६९९ मध्ये आनंदपुरात त्यांनी पाच जणांना अमृत दिलं, म्हणजे दीक्षा दिली, पाचही वेगवेगळ्या भागातले आणि जातीतले, त्यात बिदरचा एक न्हावीही होता, आणि मग त्याच पाच जणांसमोर हात जोडून स्वतः त्यांच्याकडून अमृत घेतलं. गुरूच शिष्यांकडून दीक्षा घेतो म्हटल्यावर मोठं कोण आणि लहान कोण, हा विषयच संपला.

माथा टेकून झाल्यावर मागे सरकून जिथे जागा मिळेल तिथे जमिनीवर मांडी घालून बसा. पाय ग्रंथाकडे पसरू नका. पुढच्या रांगेत सोफा वगैरे कोणासाठीच नसतो. कीर्तन चालू असेल तर शांत ऐका, भाषा येत नसली तरी कानावर ओळखीची नावं पडतील. ग्रंथाची १४३० पानं आहेत आणि त्यात सहा गुरूंच्या वाणीसोबत कबीर, रविदास, शेख फरीद आणि आपले नामदेव आहेत. नामदेवांची ६१ पदं! विणकर, चांभार, मुसलमान सूफी आणि शिंपी अशा सगळ्यांचे शब्द एकाच ग्रंथात, आणि जो माणूस माथा टेकतो तो या सगळ्यांसमोर एकदमच टेकतो. नामदेवांचं एक पद तर असं आहे की जातीवरून मला देवळातून उठवून लावलं. ते पद आज गुरू म्हणून मानल्या जाणाऱ्या ग्रंथात आहे. नामदेव पंजाबात घुमानला राहिले, तिथे त्यांचं स्थान आहे आणि २०१५ चं आपलं साहित्य संमेलनही तिथेच झालं होतं.

मध्येच सगळे उभे राहिले तर तुम्हीही उभे राहा, अरदास म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची प्रार्थना चालू आहे. शेवटी सरबत दा भला येतं, म्हणजे सगळ्यांचं भलं होवो, फक्त शिखांचं नाही. मग ग्रंथ उघडून जे पद समोर येईल ते वाचतात, त्याला हुकूमनामा म्हणतात. हरमंदिर साहिबचा रोजचा हुकूमनामा अर्थासकट ऑनलाइन मिळतो, जाण्याआधी वाचून गेलात तर मजा येते.

नंतर कडाह प्रशाद, कणीक, तूप आणि साखर समप्रमाणात. दोन्ही हातांची ओंजळ करून घ्या, कमी हवा असेल तर थोडा द्या म्हणा, पण घेऊन टाकू नका. या प्रशादावरून एकदा इतिहास घडलाय. १२ ऑक्टोबर १९२० ला जालियनवाला बागेत दलित समाजातल्या लोकांनी अमृत घेतलं आणि ते सगळे प्रशाद घेऊन हरमंदिर साहिबला गेले. तेव्हा तिथे पुजारी असायचे, त्यांनी या लोकांचा प्रशाद घ्यायला, त्यांच्यासाठी अरदास करायला नकार दिला. बरीच वादावादी झाली आणि शेवटी ठरलं की गुरू ग्रंथ साहिबलाच विचारू. ग्रंथ उघडला तर पद निघालं की ज्याच्यात काही गुण नाहीत त्यालाही तो स्वतःहून माफ करतो आणि सेवेला लावतो. पुजाऱ्यांना ऐकावंच लागलं. तीच मंडळी मग समोरच्या अकाल तख्ताकडे, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाकडे गेली, तिथले पुजारी आधीच निघून गेलेले, तख्त संगतीने, म्हणजे जमलेल्या शिखांनी, ताब्यात घेतलं आणि पुढच्याच महिन्यात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी उभी राहिली. १९२५ मध्ये कायदा झाला आणि पंजाबातल्या ऐतिहासिक गुरुद्वारांचा कारभार निवडून आलेल्या लोकांकडे गेला. मला विचाराल तर शीख धर्मात सत्ता कोणाची हे समजून घ्यायला या एका दिवसाइतकं चांगलं उदाहरण नाही.

म्हणून सगळं आलबेल आहे असंही समजू नका. पंजाबात कित्येक गावांत मजहबी, म्हणजे दलित, शिखांचे गुरुद्वारे आणि स्मशानं आजही वेगळी आहेत. बायकांनाही हरमंदिर साहिबच्या गाभाऱ्यात कीर्तन करू द्यावं असा ठराव पंजाब विधानसभेने २०१९ मध्ये केला होता. कोणाशी ओळख झाली तर हे विषय जरूर काढा, फक्त टोमणा मारल्यासारखे काढू नका.

लंगरला न जेवता परत फिरू नका. पंगतीत बसायचं, जात-धर्म कोणी विचारत नाही, अकबर बादशहालाही गुरू अमरदासांना भेटण्याआधी गोइंदवालला पंगतीत बसावं लागलं असं सांगतात. रोटी दोन्ही हात पुढे करून घ्या, हवं तेवढंच घ्या, ताट स्वच्छ करा. गुडघे दुखत असतील तर सांगा, वयस्कर लोकांची सोय करतात, पण जमिनीवर बसण्याला फार मान आहे. कॅनडात काही ठिकाणी लंगर टेबल-खुर्चीवर चालायचा, १९९८ मध्ये अकाल तख्ताने जमिनीवरच बसायचं असा आदेश काढला तेव्हा तिथे जोरदार भांडणं झाली होती. तख्तं एकूण पाच, त्यातलं एक नांदेडला. अकाल तख्ताचे जथेदार, म्हणजे प्रमुख, शिखांना शिक्षाही सुनावू शकतात, महाराजा रणजित सिंगांनाही ती स्वीकारावी लागली असं सांगतात, पण ही शिक्षा म्हणजे बूट पुसणं, भांडी घासणं, गुरुवाणीचा पाठ करणं अशी असते. तुमच्यावर यातलं काही लागू नाही, घाबरू नका.

बोलताना एक गोष्ट सांभाळा. तुम्ही पण हिंदूच की, असं प्रेमाने म्हटलेलंही बऱ्याच शिखांना आवडत नाही. धर्म वेगळा आहे, आणि दुसऱ्याच्या धर्माचा मान राखायला त्यांना तो तुमच्याशी एक करावा लागत नाही. गुरू तेग बहादुरांनी १६७५ मध्ये दिल्लीत शीर दिलं ते काश्मिरी पंडितांच्या धर्मासाठी, आणि त्या धर्मातलं जानवं तर गुरू नानकांनी स्वतः नाकारलेलं होतं. तुम्हाला शीख व्हा असं तिथे कोणी म्हणणार नाही.

जेवण झालं आणि वेळ असेल तर सेवा करा, विचारायचीही गरज नाही. पहिल्यांदा असाल तर लसूण सोलणाऱ्यांत जाऊन बसा नाहीतर भांडी घासायला उभे राहा. रोट्या भाजायच्या तव्याकडे लगेच धावू नका, तिथे धग फार असते आणि हातही सरावाचा लागतो.