आपल्या पात्रांना आपली रेघ कशी द्यावी

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते, ब्लाउज शिवते आणि मगरमामीची चित्रं काढते. मगरमामी माझी स्वतःची. विश्वामित्री नदीतून वर येऊन खंडेराव मार्केटात भाजी घ्यायला जाणारी, नऊवारी नेसलेली मगर. भाचा चार वर्षांचा असताना त्याला जेवू घालता घालता ती सुचली. आता तिच्या सोबतीला पारंबेआजोबा नावाचं चालतं वडाचं झाड आहे आणि चिंगी नावाची खार. शिवायला येणाऱ्या मुली भिंतीवरची चित्रं बघतात आणि विचारतात, मावशी, आमच्या डोक्यात पात्र आहे, पण त्याची स्टाइल कुठून आणायची? त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी पात्र जिथलं आहे तिथे जाऊन बघा. थंडीत काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या पुलावरून विश्वामित्रीच्या काठावर ऊन खात पडलेल्या मगरी दिसतात. मी वही घेऊन तिथे उभी राहायचे. दोन गोष्टी तिथेच सापडल्या. जबडा मिटलेला असला तरी मगरीचा खालचा चौथा दात बाहेर दिसतो. आणि अंगातली उष्णता सांभाळायला ती कितीतरी वेळ आ वासून पडून राहते. मला ती काहीतरी बोलता बोलता थांबल्यासारखी वाटली. तेव्हापासून मगरमामीचं तोंड कायम थोडं उघडं असतं, आणि तिचा सगळा स्वभाव त्यातूनच आला: बोलायचं खूप, पण समोरच्याचं संपेपर्यंत थांबणारी. नुसती मोबाइलवरची मगर बघून काढली असती तर हे हाती लागलं नसतं.

मग तेच पात्र तीस वेळा काढा. एकच पेन, रबर नाही, कागद साधा. मी कापड बेतायचा खाकी कागद वापरते. पहिली दहा चित्रं दुसऱ्या कुणाची तरी वाटतील, कारण आपण पाहिलेलंच हातातून येतं. विसाच्या पुढे हात कंटाळतो आणि आपोआप काटछाट करायला लागतो. कुठे बोटं तीनच निघतात, कुठे नाक एका रेघेत संपतं. तिसावं झालं की सगळे कागद जमिनीवर पसरा आणि न ठरवता पुन्हा पुन्हा काय आलंय ते लाल पेन्सिलीने गोल करा. तुमची शैली त्या गोलांमध्ये असते.

माझ्या गोलांत पाठीची एक लांब, न तुटलेली रेघ होती. ती कुठून आली ते मला लगेच कळलं. ब्लाउजच्या मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात तिथला, गोल खडूने एका दमात काढावा लागतो. थांबत थांबत काढला की बाहीला झोल येतो. वीस वर्षं हात तेच करतोय. तुमचा हात रोज काय करतो ते बघा. रांगोळीचे ठिपके जोडणारा, मेंदी काढणारा, पाट्या रंगवणारा, प्रत्येक हात वेगळा वळलेला असतो. ते वळण पुसू नका.

थोरांच्या चित्रांची नक्कल जरूर करा, पण शिकण्यापुरती, आणि एकाच माणसाची नको. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत. मराठी पेहराव चित्रात कसा बसवायचा ते मी तिथे शिकले. इथल्याच कीर्तिमंदिरात, गायकवाडांच्या स्मारकात, चित्रकार नंदलाल बोस यांचं गंगावतरणाचं भित्तिचित्र आहे, त्यापुढे बसून वाहती रेघ गिरवली. त्यांनीच १९३८च्या हरिपुरा इथल्या काँग्रेस अधिवेशनासाठी केलेली पोस्टर बघा: जाड रेघ, सपाट रंग, लांबून ओळखू येणारी माणसं. प्रत्येकाकडून एकच गोष्ट घ्यायची.

ओळखू येणं फार महत्त्वाचं. माझी एक मोठी चूक सांगते. सुरुवातीचं वर्षभर मी सगळ्यांना फोनवर दिसतात तसे मोठे चमकते डोळे दिले. एकदा मगरमामीला नदीत पोहताना काढलं, लुगडं नाही, पिशवी नाही, तर भाचा म्हणाला, ‘मावशी, ही कोण?’ मी त्या रात्री सगळी पात्रं काळ्या कागदातून कात्रीने कापली. आत काही न रेखता नुसत्या आकारावरून पात्र ओळखू यायला हवं. मामी आडवी आणि रुंद, आजोबा खाली पसरत जाणारे, चिंगी उलटा स्वल्पविराम. डोळे आता साधे ठिपके आहेत.

यानंतर मापं. आम्ही बाईची मापं लिहून ठेवतो तशी पात्राचीही ठेवा. मोठं माणूस साधारण साडेसात डोक्यांइतकं उंच असतं. मामी चार डोकी, चिंगी अडीच. समोरून, बाजूने, तिरकं आणि पाठमोरं, अशी चार चित्रं एकाच कागदावर, शेजारी राग, भीती, हसू. पाठमोरं बहुतेक जण टाळतात आणि गोष्टीच्या तिसऱ्या पानावर अडकतात.

रंग तीन ठेवा. माझे गेरू, निळा आणि हळदी. शाई वॉटरप्रूफच घ्या, नाहीतर वरून रंग दिला की रेघ पसरते. छापायचं असेल तर चित्र दीडपट मोठं काढा आणि रेघ जाड ठेवा. माझ्या पहिल्या पुस्तिकेत चिंगीच्या मिशा छपाईत पार नाहीशा झाल्या होत्या, इतक्या बारीक काढल्या होत्या मी.

प्रत्येक कागदाच्या मागे तारीख टाका आणि जुनं काही फेकू नका. माझा चार बाजूंचा कागद मशीनच्या वर टाचणीने लावलेला आहे. दर दिवाळीला मी मामी नव्याने काढून त्याच्या शेजारी धरते. गेल्या वर्षी तिची शेपूट नकळत आखूड झालेली दिसली. नवीच बरी वाटली, म्हणून कागदावरचं माप बदललं.