भजनाचं रेकॉर्डिंग घरच्या घरी मास्टर कसं करायचं, तेही फुकटात

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग दर वर्षी माझ्याच गळ्यात पडतं, कारण काय तर "तुझ्याकडे लॅपटॉप आहे ना". पहिल्या वर्षी मी सगळं खेचून मोठ्ठं केलं, आणि काकूंनी ऐकून एवढंच विचारलं, "अरे, टाळ आहेत की पत्र्यावर पाऊस पडतोय?" तेव्हापासून मास्टरिंगचं, म्हणजे झालेल्या रेकॉर्डिंगवर शेवटचा हात फिरवून ते वाटण्याजोगं करण्याचं, जे शिकलो ते लिहितोय.

लागणारं सामान सगळं ओपन सोर्स आहे. ऑडॅसिटी (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर), आणि त्याला जोडायचे इफेक्ट म्हणजे प्लगइन: एलएसपी प्लगइन्स आणि ड्रॅगनफ्लाय रिव्हर्ब. माझा जुना लॅपटॉप उबुंटूवर चालतो, तिथे हे तिन्ही सरळ मिळतात. प्लगइन टाकल्यावर ऑडॅसिटीत दिसले नाहीत तर घाबरू नका, प्लगइन मॅनेजर उघडून एकदा पुन्हा स्कॅन करा. ऑडॅसिटी 3.2 किंवा त्यापुढची घ्या, कारण तिथपासून ट्रॅकवर इफेक्ट लावून गाणं चालू असतानाच बटणं फिरवता येतात, आधी प्रत्येक वेळी लावा-ऐका-अनडू करा असा वैताग होता.

सुरुवातीला मूळ फाइलची कॉपी करून ठेवा आणि पूर्ण ऐका. वेव्हफॉर्मची (स्क्रीनवर दिसणाऱ्या आवाजाच्या लाटांची) डोकी वरून सपाट कापलेली दिसली तर रेकॉर्डिंगच फाटलंय, ते मास्टरिंगने नीट होत नाही, पुढच्या वेळी लेव्हल कमी ठेवा, सगळ्यात मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या वर जायला नको.

मग पंखा. भजन सुरू व्हायच्या आधीचे दोन सेकंद, जिथे फक्त पंख्याची घरघर आहे, तेवढेच सिलेक्ट करून नॉइज रिडक्शनमध्ये नॉइज प्रोफाइल (घरघरीचा नमुना) घ्यायचं, मग पूर्ण ट्रॅक सिलेक्ट करून लावायचं. तिथे मी 6 डेसिबल ठेवतो. जास्त केलं की पेटीचे सूर पाण्याखालून आल्यासारखे बुडबुडतात. आणि हे फक्त एकसारख्या आवाजाला चालतं हां. काकडआरतीत कचरागाडीचं गाणं घुसलं (इंदूर स्वच्छतेत पहिला नंबर काढतं त्याची ही किंमत) तर ते असं निघत नाही, तो तुकडा परत रेकॉर्ड करा.

आता ट्रॅकवरचं इफेक्ट्सचं बटण दाबून एलएसपीचा पॅरामेट्रिक इक्वलायझर लावा, त्यात खालचे-वरचे सूर पट्ट्यापट्ट्याने (बँडने) कमीजास्त करता येतात. 50 हर्ट्झच्या खालचं कापून टाका, तिथे पखवाजाचं फारसं काही नसतं, सतरंजीवर पाय आपटल्याची धडधड मात्र असते. पुढे कानाला खुपणारी जागा शोधायची: एक अरुंद बँड 8 डेसिबल वर करून हळूहळू सरकवत जा, एका ठिकाणी आवाज असह्य होईल, तीच जागा, तिथे आता 2-3 डेसिबल खाली करा. आमच्या हॉलमध्ये पेटी 350 हर्ट्झच्या आसपास डब्यातून आल्यासारखी वाजते आणि टाळ 6-7 हजारावर टोचतात. तुमच्याकडे आकडे वेगळे निघतील.

पुढे कंप्रेसर, म्हणजे मोठे आवाज आपोआप दाबणारा इफेक्ट, आणि माझं पहिलं वर्ष खरं इथेच वाया गेलं. पखवाजाची थाप जोरात पडली की कंप्रेसर सगळंच दाबतो, म्हणजे थाप पडली की बायकांचे आवाज मागे, थाप संपली की परत पुढे, जणू कोणी दार उघडबंद करतंय. उपाय असा की एलएसपीच्या कंप्रेसरमध्ये साइडचेनचा (कंप्रेसर जे ऐकून दाबायचं ठरवतो त्याचा) हाय-पास फिल्टर असतो, तो ठरवलेल्या आकड्याखालचं गाळतो, तो 120 हर्ट्झवर ठेवायचा. त्याने आवाजातला खर्ज जात नाही, फक्त कंप्रेसर खर्ज "ऐकून" दचकत नाही. रेशो (किती दाबायचं) 2:1, अटॅक (किती लवकर दाबायचं) 30 मिलिसेकंद, रिलीज (किती वेळात सोडायचं) 200 मिलिसेकंदच्या आसपास, आणि थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर दाबायचं ती) एवढाच खाली आणायचा की गेन रिडक्शनचा (किती दाबलं ते दाखवणारा) काटा 2-3 डेसिबल हलेल. कंप्रेसर बंद-चालू करून तुलना करताना दोन्हीकडे आवाज सारखा मोठा ठेवा, नाहीतर जे मोठं तेच कानाला चांगलं वाटतं आणि फसायला होतं.

रिव्हर्ब, म्हणजे खोलीतला घुमारा? फरशीच्या हॉलमध्ये रेकॉर्ड केलं असेल तर लावूच नका, घुमतं आहेच. घरच्या छोट्या खोलीत एकट्याचा अभंग असेल तर ड्रॅगनफ्लायचा रूम घ्या, लेट लेव्हल (मागून येणाऱ्या घुमाऱ्याचं प्रमाण) शून्यापासून वाढवत न्या, रिव्हर्ब कळायला लागला की थोडं मागे या.

शेवटी मोठेपणा. सगळे इफेक्ट पक्के झाले की ट्रॅक रेंडर करा (इफेक्ट आवाजात कायमचे मिसळा), मग लाउडनेस नॉर्मलायझेशन. तिथे आकडा आपोआप उणे 23 एलयूएफएस (कानाला एकूण किती मोठं वाटतं त्याचं माप) येतो, तो युरोपातल्या टीव्ही-रेडिओच्या नियमाचा, फोनवर फार बारीक लागेल. मी भजनाला उणे 16 ठेवतो. त्यानंतर एलएसपीचा लिमिटर, तो आवाज ठरवलेल्या सीलिंगच्या वर जाऊ देत नाही, सीलिंग उणे 1 डेसिबल. लिमिटर 3 डेसिबलहून जास्त दाबत असेल तर हट्ट सोडा, अनडू करून उणे 18 वर या.

एक्सपोर्ट दोनदा करा, जपून ठेवायला फ्लॅक (यात आवाजाचा दर्जा कमी होत नाही) आणि वाटायला 192 केबीपीएसचा एमपीथ्री. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून टाका म्हणजे फाइल आहे तशी जाते. त्याआधी एकदा साध्या फोनच्या स्पीकरवर ऐका, कारण काकू हेडफोन लावत नाहीत, त्या फोन रिकाम्या पातेल्यात उभा करून पोळ्या लाटतात.