ऑशकोशच्या मेळ्यात मान खाली घालून फिरा

घरी विमान बांधणाऱ्यांचा सगळ्यात मोठा मेळा अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकोशला भरतो. भरवणारी संस्था एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, म्हणजे ईएए, १९५३ सालची. मेळा १९७० पासून ऑशकोशच्या विटमन विमानतळावर. जुलैच्या शेवटी, सोमवार ते रविवार. दुपारी हवाई कसरती सुरू झाल्या की लाखोंची गर्दी आभाळाकडे तोंड करून बसते. नागपुरात एखाद्या शेडमध्ये विमान बांधायचं मनात असेल, तर तुमचं काम नेमकं त्या वेळी जमिनीवर असतं, पत्र्याच्या जोडांपाशी.

आधी व्हिसा, मग तिकीट. मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळायला कित्येक महिने लागू शकतात, म्हणून दिवाळीच्या सुमारास अर्ज करून टाका. नागपूरहून दिल्ली किंवा मुंबईमार्गे शिकागो, तिथून रस्त्याने साधारण २७० किलोमीटर. आसपासची हॉटेलं फार आधी भरतात आणि त्या आठवड्यात महागतातही. बहुतेक लोक विमानतळाला लागून असलेल्या कॅम्प शोलरमध्ये तंबू ठोकतात. तिथे वादळ न सांगता येतं, तेव्हा खुंटे लांब घ्या. स्वेटरही ठेवा, जुलैतही रात्री गारठा पडतो. मुक्काम सोमवार ते गुरुवार ठेवा. शनिवार-रविवारपर्यंत घरच्या विमानांचे बरेच मालक परतीच्या वाटेला लागलेले असतात.

जाण्याआधी बांधायच्या विमानाचं एकच मॉडेल मनाशी पक्कं करा. दहा मॉडेलं बघायला गेलेला माणूस माहितीपत्रकांची थैली घेऊन परत येतो. आणि प्रश्न नागपूरचे घेऊन जा, कारण तिथला विक्रेता ते आपणहून सांगणार नाही.

पहिला प्रश्न उन्हाचा. सोनेगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की हवा इतकी विरळ होते की विमान जवळपास ५,००० फुटांवर असल्यासारखं वागतं. माहितीपत्रकातला टेक-ऑफचा आकडा बहुतेक वेळा समुद्रसपाटीचा, १५ अंशांचा असतो. म्हणून अ‍ॅरिझोना-टेक्सास या उष्ण राज्यांतले मालक हुडकून काढा. भर उन्हात, दोन माणसं आणि पूर्ण टाकी घेऊन धावपट्टी किती लागते, चढताना सिलिंडर हेडचं आणि तेलाचं तापमान कुठवर जातं, त्यासाठी काउलिंगमधून, म्हणजे इंजिनावरच्या आवरणातून, हवा बाहेर पडायची वाट मोठी करावी लागली का, हे विचारा.

दुसरा प्रश्न पेट्रोलचा. छोट्या विमानांचं रोटॅक्स ९१२ हे इंजिन साध्या मोटारीच्या पेट्रोलवर चालतं, म्हणून आपल्याकडे ते सोयीचं वाटतं. पण त्याला इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालतं आणि आपल्या पंपावर २० टक्क्यांचं मिळतं. इथेनॉलने टाकीचं आतलं लेपण आणि रबरी नळ्या खराब होतात, शिवाय ते पाणी ओढतं. टाकी कशाची आहे आणि आतून काय लावलंय, हे नावानिशी लिहून घ्या.

विमान फायबरचं असेल तर तिसरा प्रश्न रेझिनचा, म्हणजे फायबर पक्कं धरणाऱ्या इपॉक्सीसारख्या चिकट द्रवाचा. साध्या तापमानाला पक्कं होणारं इपॉक्सी उन्हात मऊ पडू शकतं. अशी विमानं पांढरी रंगवतात ती त्यामुळेच, हौस म्हणून नाही. पावसाळ्यात काम केलं तर दमटपणामुळे काही इपॉक्सींवर मेणचट थर येतो. तो धुऊन-घासून काढला नाही तर पुढचा थर धरत नाही.

आता पत्रा. छोटी टॉर्च जवळ ठेवा आणि उजेड समोरून न टाकता पत्र्याला समांतर, तिरपा टाका. रिव्हेटांच्या रांगेत खळगे असतील तर सावल्या पडतात. डोक्याशेजारी चंद्रकोरीसारखा ओरखडा दिसला तर ठोकताना रिव्हेट सेट, म्हणजे डोक्यावर टेकवायचं ठोकण्याचं अवजार, घसरला होता असं समजा. दोन रिव्हेटांमधला पत्रा डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर होत असेल, तर जोडताना पत्रा ताणातच राहिलाय. बोटाने दाबून मात्र बघू नका, मालकाला विचारा. परवानगीशिवाय हात लावायचा नाही, प्रोपेलरला तर नाहीच. पाठीवरची बॅग पोटावर घ्या, पट्ट्याचं बक्कल झाका. पंखावर वाकताना रंगाला चरा पडतो तो याच दोन गोष्टींनी.

बघून झालं की कार्यशाळांच्या तंबूत बसा. पत्राकाम, फायबर, कापड मढवणं, वेल्डिंग, सगळं हातात अवजार देऊन शिकवतात. रिव्हेटचं गणित सोपं आहे. १/८ इंची म्हणजे ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला ३० नंबरचा ड्रिल, तोवर पत्रे धरायला तांब्याच्या रंगाचे क्लेको, म्हणजे छिद्रात बसणाऱ्या तात्पुरत्या पकडी. रिव्हेटचं टोक पत्र्याबाहेर व्यासाच्या दीडपट, म्हणजे ४.८ मिलिमीटर यायला हवं. ठोकल्यावर मागचं डोकं तेवढंच रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच. डोकं एका बाजूला कललं तर बकिंग बार, म्हणजे मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा, तिरपी धरली होती. छिद्राचा मध्य पत्र्याच्या कडेपासून निदान दोन व्यास आत हवा, नाहीतर तिथूनच तडा सुरू होतो. बिघडलेला रिव्हेट ड्रिलने काढायलाही तिथेच शिका. घरी तेच काम जास्त पडतं!

मालक मोकळा दिसला की त्याची बांधकामाची वही बघायला मागा. अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम हौशी बांधणाऱ्यांनी केलंय हे दाखवावं लागतं, त्यामुळे तारीखवार फोटो आणि नोंदी बहुतेकांकडे असतात. आपल्याकडे वाट याहून लांब आहे: कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं कॅप्टन अमोल यादव यांचं विमान २०१६ ला मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात मांडलं गेलं, नोंदणी मिळाली २०१७ ला. वहीची पानं कशी आखलीत त्याचे फोटो काढून घ्या.

परतताना क्लेको, त्यांचा चिमटा, ड्रिल, रिव्हेट चेक-इन बॅगेत टाका, बिलं हाताशी ठेवा. प्रायमरचे स्प्रे डबे आणि थिनर तिथेच कुणाला तरी देऊन टाका. ते विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाहीत.