जुना ट्रेड दोनदा तपासा: रेड सॉक्सच्या वहीतून

बॉस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल टीमच्या कोणाही जुन्या चाहत्याला तिचा सगळ्यात वाईट ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, कोणता ते विचारा. बहुतेक जण जेफ बॅगवेलचं नाव घेतील. माझे शेजारी तर त्या नावाने अजून चिडतात. मी वॉल्थमला राहते, दिवसा कंपन्यांचे हिशेब तपासते आणि संध्याकाळी टीमचे जुने ट्रेड. जुना ट्रेड दोनदा तपासावा लागतो, हे माझं ठाम मत आहे. एकदा त्या दिवशी जे माहीत होतं त्यावरून आणि एकदा पुढे जे घडलं त्यावरून. दोन्हींची सरमिसळ केली की निकाल चुकतो.

ट्रेडच्या यादीसाठी ‘बेसबॉल रेफरन्स’ ही वेबसाइट पुरेशी आहे. खेळाडूच्या पानावर खाली त्याचे सगळे व्यवहार तारखेनिशी असतात. फार जुन्या काळासाठी ‘रेट्रोशीट’ उघडा. नुसत्या पैशांवर झालेले व्यवहार वहीत वेगळ्या पानावर काढा. दिग्गज खेळाडू बेब रूथ ट्रेडमध्ये गेला असं लोक म्हणतात, पण १९१९च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या यांकीजशी ठरली ती सरळ विक्री होती.

आता एका पानावर एकच ट्रेड घ्या आणि दोन उभे रकाने आखा. पहिल्यात फक्त ‘त्या दिवशी’.

बॅगवेलचंच पान बघू. तारीख ३० ऑगस्ट १९९०. रेड सॉक्स डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आपला गट, जिंकण्याच्या शर्यतीत होते आणि त्यांना रिलीफ पिचर, म्हणजे सामन्याच्या मध्येच बदली येऊन चेंडू टाकणारा, हवा होता. ह्यूस्टनकडून आला ३७ वर्षांचा लॅरी अँडरसन. बदल्यात गेला डबल-ए (सर्वोच्च मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालच्या) पातळीवर तिसऱ्या बेसवर खेळणारा बॅगवेल. त्या हंगामात त्याची फलंदाजीची सरासरी .३३३, म्हणजे उत्तम होती, पण होम रन (षटकारासारखे मैदानाबाहेरचे फटके) चारच. बॉस्टनच्या तिसऱ्या बेसवर वेड बॉग्ज ठाण मांडून बसला होता. एवढं लिहून पेन खाली ठेवा. या रकान्यात हा ट्रेड वेडेपणाचा दिसत नाही. महाग दिसतो, एवढंच.

दुसऱ्या रकान्यात पुढचं. अँडरसनने बॉस्टनसाठी २२ इनिंग टाकल्या, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा, कमी तितक्या चांगल्या) १.२३. टीमने टोरंटोला दोन सामन्यांनी मागे टाकून डिव्हिजन जिंकली, मग पुढच्या फेरीत ओकलंडकडून सलग चार सामने हरली. हंगाम संपल्यावर अँडरसन दुसरीकडे गेला. बॅगवेल ह्यूस्टनला पहिल्या बेसवर गेला, पंधरा हंगाम खेळला, ४४९ होम रन मारले, २०१७मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, पोहोचला.

इथे आकड्यांसाठी ‘वॉर’ वापरतात. सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा याने किती विजय जास्त मिळवून दिले, त्याचा तो अंदाज. ‘बेसबॉल रेफरन्स’ आणि ‘फॅनग्राफ्स’ या साइट तो वेगवेगळ्या रीतीने काढतात, म्हणून एका पानावर एकाच ठिकाणचे आकडे घ्या. बॅगवेलचा जवळपास ८० भरतो. पण सगळे ८० या ट्रेडच्या खात्यावर टाकू नका. खेळाडू मेजर लीगमधली सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंतच टीमच्या ताब्यात असतो. ट्रेडमधून ह्यूस्टनच्या हाती आली ती १९९१पासूनची पहिली सहा वर्षं. पुढची वर्षं त्यांनी पगार मोजून मिळवली. त्या सहा वर्षांतच त्याचा १९९४चा एमव्हीपी (सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान) आहे, त्यामुळे बॉस्टनचं नुकसान प्रचंडच राहतं, पण ते नेमकं किती हे कळतं. उलट रिलीफ पिचरचा वॉर नेहमी छोटा दिसतो. दोन सामन्यांच्या फरकाने जिंकलेल्या शर्यतीत त्या २२ इनिंगचं मोल आकड्यापेक्षा जास्त धरा.

ताब्यातली वर्षं मोजायची सवय लागली की बॉस्टनच्या मूकी बेट्सचं पान वेगळं दिसायला लागतं. फेब्रुवारी २०२०मध्ये तो लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे गेला तेव्हा त्याचं ताब्यातलं एकच वर्ष उरलं होतं. ३६.५ कोटी डॉलरचा बारा वर्षांचा करार डॉजर्सनी नंतर, जुलैमध्ये केला. सोबत पिचर डेव्हिड प्राइस गेला आणि त्याचा अर्धा पगार बॉस्टननेच उचलला, तेही लिहा. आता १९९७चं पान शेजारी ठेवा. पिचर पेड्रो मार्टिनेझचं एकच वर्ष उरलं होतं, माँट्रियलला तो परवडणार नव्हता. बॉस्टनने कार्ल पवानो आणि टोनी आर्मास ज्युनियर देऊन त्याला आणलं आणि लगेच मोठा करार केला. बेट्ससाठी मीही हळहळते, पण तेव्हा माँट्रियलच्या लोकांना काय वाटलं असेल, हे या दोन पानांमुळे मला कळलं.

यादीतलं एकही नाव गाळू नका. २००५मध्ये फ्लोरिडाकडून पिचर जॉश बेकेट हवा होता, म्हणून माइक लोवेलचा जड पगारही घ्यावा लागला. २००७च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, एमव्हीपी हाच लोवेल.

शेवटी फांद्या काढा, म्हणजे आलेला खेळाडू पुढे कशात बदलला ते. जुलै २००४मध्ये लाडका नोमार गार्सियापारा गेला, ऑर्लँडो कॅब्रेरा आला आणि त्याच वर्षी ८६ वर्षांनी विजेतेपद आलं. मग कॅब्रेरा एंजल्स या टीमकडे गेला आणि भरपाई म्हणून मिळालेल्या ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) संधीतून बॉस्टनने जॅकोबी एल्सबरी निवडला. तो २००७ आणि २०१३ या दोन्ही विजेत्या संघांत होता. माझ्या वहीतलं हे सगळ्यात आवडतं पान.

बॉस्टनचा राफाएल डेव्हर्स जून २०२५मध्ये सान फ्रान्सिस्कोला गेला. त्याचा करार २०३३पर्यंतचा आहे, त्यामुळे त्या पानाचा दुसरा रकाना बरीच वर्षं अपुरा राहील. बदल्यात आलेल्यांपैकी जेम्स टिब्सला तर पुढच्याच महिन्यात डस्टिन मेसाठी डॉजर्सकडे पाठवलं, म्हणजे पहिली फांदी फुटलीही. पहिला रकाना मात्र आत्ताच भरा: कोण आलं, कोण गेलं, किती पगार सुटला आणि त्या दिवशी तुम्हाला स्वतःला काय वाटलं.