शेजारी मजले चढताहेत? खिडकीच्या उजेडाचा हक्क असा राखा

शेजारच्या प्लॉटभोवती पत्रे लागले की पहिलं काम भांडणाचं नाही, आपल्या खिडक्या मोजण्याचं आहे. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ (सुविधाधिकार म्हणजे आपल्या मिळकतीच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या जमिनीवर असलेला हक्क, ईझमेंट) उजेडाचा हक्क घराला सरसकट देत नाही, खिडकीगणिक देतो. जी खिडकी सलग २० वर्षं बिनतक्रार, हक्काने उजेड घेत आली, तिलाच कलम १५चं संरक्षण. शेजारची जमीन सरकारी असेल तर ३० वर्षं. अंगण, परस, वाळवणाची जागा यांना ते मिळत नाही. मोकळ्या जागेवरच्या उजेडाचा हक्क वहिवाटीने, म्हणजे वर्षानुवर्षांच्या वापराने, मिळत नाही, असं कलम १७ स्पष्ट सांगतं. खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराचा हक्कही यात येत नाही.

२० वर्षं भरण्याआधी शेजाऱ्याने स्वतःच्या हद्दीत भिंत घालून खिडकी झाकली, तर ते बेकायदा नाही. म्हणून खिडकीचं वय सिद्ध करणं हाच दाव्याचा कणा. जुना मंजूर नकाशा सगळ्यात भक्कम. तो घरात नसेल तर पालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज द्या: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवसांची मुदत. घरपट्टीच्या उताऱ्याने घराचं वय कळतं, खिडकीचं नाही. तिथे अल्बम कामी येतात. गणपतीच्या मखरामागे किंवा बारशाच्या फोटोत ती खिडकी, तिचे गज, बाहेरचं आभाळ दिसत असेल तर मूळ प्रत आणि निगेटिव्ह जपून ठेवा. गल्लीतल्या दोन जुन्या माणसांची साक्षही लागेल.

मग मोजमाप. प्रत्येक खिडकीची लांबी-रुंदी, जमिनीपासून सिलची (खिडकीच्या खालच्या कडेची) उंची आणि समोरच्या बांधकामापर्यंतचं अंतर लिहून काढा. समजा सिल ३ फुटांवर आहे, नवी भिंत १० फुटांवर आणि तिची उंची ३३ फूट. सिलच्या वर ३० फूट भिंत, म्हणजे अंतराच्या तिप्पट. सिलवरून पाहिलं तर आडव्या रेषेपासून सुमारे ७२ अंशांपर्यंतचं आभाळ गेलं. ४५ अंशांच्या वर अडथळा गेला की काळजी करावी, हा ढोबळ ठोकताळा आहे. कायद्यात तो आकडा नाही, त्यामुळे केवळ त्याच्या जोरावर दावा टिकत नाही.

दावे सगळ्यात जास्त अडकतात ते कलम ३३ला. उजेड कमी झाला, एवढं पुरत नाही. घरात राहण्याच्या सोयीत मोठी बाधा आली, नेहमीचा धंदा पूर्वीसारखा करता येईना किंवा मिळकतीची किंमत बरीच घटली, यांपैकी काहीतरी दाखवावं लागतं. त्यामुळे ‘अंधार झाला’ असं मोघम लिहू नका. दुपारी १२ला ओट्यावर दिवा लावल्याशिवाय भाजी निवडता येत नाही, शिलाईच्या मशीनवर सुईत दोरा ओवता येत नाही, असं खोलीवार लिहा. बांधकामाआधी आणि नंतर, एकाच जागी, एकाच वेळी, दिवे बंद ठेवून फोटो घ्या आणि लक्समीटरने (उजेड मोजायच्या यंत्राने) नोंद करा. त्याच खोलीला दुसऱ्या बाजूने भरपूर उजेड असेल तर समोरचा वकील तेच पुढे करणार, हे आधीच धरून चला.

जोत्याचं काम चालू असतानाच वकिलामार्फत नोटीस द्या आणि दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागा. सोबत जागेच्या पाहणीसाठी कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज हवाच. स्लॅब ओतून झाल्यावर कोर्ट पाडकामापेक्षा नुकसानभरपाईकडे झुकण्याची शक्यता वाढते. अडथळा कळूनही वर्षभर तो मुकाट्याने सोसलात तर वहिवाट खंडित झाली असं धरलं जातं. शिवाय उजेड घेतल्याची सलग २० वर्षं दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आतपर्यंत चालू असावी लागतात. भाडेकरूलाही तिऱ्हाईत शेजाऱ्याविरुद्ध दावा लावता येतो.

सामासिक अंतर (इमारतीभोवती नियमाने सोडायची मोकळी जागा) सोडलं नसेल तर पालिकेकडे वेगळी तक्रार करा, पण तिच्या भरवशावर महिने घालवू नका. तिथे पाहिली जाते बांधकामाची परवानगी. तुमचा खासगी हक्क दिवाणी कोर्टातच ठरतो. याची दुसरी बाजूही आहे: नकाशा मंजूर आहे एवढ्यानेच शेजाऱ्याला तुमचा हक्क बुडवता येत नाही.

दोन चुका महागात पडतात. एक, ‘आम्हाला खिडकी ठेवू द्या’ असं पत्र शेजाऱ्याला देणं. मग ती वहिवाट परवानगीची ठरते, हक्काची नाही. दुसरी, मधली बोळ आपल्याच मालकीची आहे असंही त्याच दाव्यात म्हणणं. सुविधाधिकार दुसऱ्याच्या जमिनीवरच असतो, त्यामुळे दोन्ही म्हणणी एकमेकांना कापतात. आणि आडवी आलेली भिंत स्वतः पाडू नका. कलम ३६ ते करू देत नाही.

जुना वाडा पाडून बांधणार असाल तर पाडण्याआधी आर्किटेक्टकडून प्रत्येक खिडकीचा मापासह नकाशा सहीनिशी करून घ्या. नवी खिडकी त्याच जागी, त्याच मापाची ठेवा. मोठी केलीत तर वाढीव भागाला जुना हक्क लागत नाही. शेजाऱ्याशी तडजोड झाली तर ती तोंडी ठेवू नका: दावा चालू असेल तर कोर्टात तडजोड पुरसीस (दोघांच्या सहीचं लेखी निवेदन), नसेल तर नोंदणीकृत दस्त, आणि दोन्हीत खिडक्यांची मापं व सोडायचं अंतर फुटांत लिहिलेलं.