कॅराव्हॅनमध्ये सिलिंडरचा गॅस सुरक्षितपणे कसा वापरावा

कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, गॅसचे धोके दोन. एक न जळलेल्या गॅसचा, दुसरा नीट न जळलेल्या गॅसचा. पहिल्याला वास असतो, दुसऱ्याला नसतो. म्हणून दोन्हींचा बंदोबस्त वेगवेगळा करावा लागतो.

सिलिंडरमध्ये प्रोपेन किंवा ब्यूटेन हा गॅस असतो. प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड असतो आणि ब्यूटेन दुप्पट. गळलेला गॅस त्यामुळे वर न जाता जमिनीलगत साचतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते, आणि एवढ्याशा जागेत ते प्रमाण गाठायला वेळ लागत नाही. सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला आणि गाडीच्या फरशीत जी भोकं किंवा जाळ्या असतात, त्या याचसाठी. गार वारा लागतो किंवा मुंग्या येतात म्हणून तिथे बोळे कोंबू नका. सामान ठेवतानाही त्या झाकल्या जात नाहीत ना, ते बघा.

गॅस निवडताना हवामान पाहा. ब्यूटेनची शून्य अंशाच्या आसपास वाफच होत नाही. सिलिंडर भरलेला असूनही शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत वाफ देतो, म्हणून थंडीत प्रोपेनच घ्या. गारठलेला सिलिंडर आत आणून हीटरजवळ ठेवणं किंवा त्याला आच देणं हा शुद्ध वेडेपणा आहे. सिलिंडर कायम उभा आणि पट्ट्याने आवळलेला हवा. आडवा पडला तर वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि थोड्याशा द्रवाची सुमारे अडीचशे पट वाफ होते.

रेग्युलेटर उपकरणांवरच्या पट्टीवर लिहिलेल्या दाबाचाच लावा. युरोपीय बनावटीच्या नव्या कॅराव्हॅनमध्ये तो बहुधा 30 मिलिबार असतो. ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांत ब्यूटेनसाठी 28 आणि प्रोपेनसाठी 37 मिलिबारचे वेगवेगळे रेग्युलेटर दिसतात. बसतोय म्हणून कुठलाही लावू नये.

सिलिंडर बदलताना:

1. शेगडी, हीटर, गॅसवर चालणारा फ्रिज, सगळ्या ज्योती विझवा. आसपास कुणी सिगारेट ओढत नाही ना, ते पाहा.
2. जुन्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, मगच जोड सोडवा. नटाच्या जोडाला बहुतेक वेळा उलटे आटे असतात: घट्ट करायचं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावं लागतं. नेहमीच्या सवयीने जोर लावणारे इथेच आटे खराब करतात.
3. जोडातला रबरी वायसर जागेवर आहे का, चिरलाय का, ते बघा. तो पडून जुन्या सिलिंडरच्या तोंडातच राहिला, हे गळतीचं अगदी नेहमीचं कारण.
4. नवा सिलिंडर जोडा, व्हॉल्व्ह हळूहळू उघडा आणि साबणाच्या पाण्याने जोड तपासा.

ही तपासणी घाईत उरकू नका. कपभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा साबण ढवळा. सगळी उपकरणं बंद ठेवून फक्त सिलिंडर उघडा आणि ब्रशने रेग्युलेटरचा नट व नळीची दोन्ही टोकं भिजवा. मोठी गळती लगेच फेस काढते. बारीक गळतीत मात्र एकच बुडबुडा मिनिटभर हळूहळू फुगत राहतो, तेव्हा तेवढा वेळ टॉर्च धरून थांबा. काडी पेटवून पाहायचं नाही, हे सांगायला लागू नये, पण लागतं. नळी बोटांत वाकवून भेगा दिसतात का पाहा. नळीवर तारीख छापलेली असते. भेग नसली तरी पाच वर्षांच्या आत नळी बदला.

आता जळणाऱ्या गॅसचं. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी पडली, भांड्याच्या बुडाला काजळी धरू लागली, तर बर्नरला हवा पुरत नाहीये आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतोय. बर्नर साफ करूनही सुधारलं नाही, तर ती शेगडी वापरू नका. स्वयंपाक करताना खिडकी किंवा छताची झडप उघडी ठेवा. शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही. बाहेरची निखाऱ्यांची शेगडी तर विझल्यावरही आत आणू नका, कारण राखेखालचे निखारे तासन्‌तास हा वायू सोडत राहतात.

प्रवासाला निघताना नुसता शेगडीचा नॉब पुरत नाही, सिलिंडरचा व्हॉल्व्हच बंद करा. फ्रिज गॅसवरून 12 व्होल्टच्या विजेवर टाका. इंधन भरायला थांबण्याआधी गाडीत एकही ज्योत पेटती नको.

गॅसचा वास आला, तर सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. दिवा, पंखा, कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका. गळती सापडून दुरुस्त होईपर्यंत सिलिंडर पुन्हा उघडायचा नाही.

कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही, त्यामुळे तिथे अलार्म हवाच. तो उपकरणापासून एक ते तीन मीटरवर लावा आणि प्रत्येक सहलीआधी त्याचं चाचणीचं बटण दाबून पाहा. आतल्या सेन्सरला मुदत असते, ती अलार्मवरच छापलेली असते. बरोबरच्या दोघांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, चक्कर सुरू झाली, तर अलार्म वाजला नसला तरी आधी मोकळ्या हवेत जा आणि डॉक्टरांना कार्बन मोनॉक्साइडची शंका बोलून दाखवा.