व्ही थ्री नामाच्या आधी की नंतर? या चुका टाळा

परवा भाचीचा इंग्रजी निबंध तपासत होते, त्यात एक वाक्य होतं, 'द केप्ट ऑन टेबल बुक इज माइन'. हे असं का लिहिलंस विचारलं तर म्हणाली, मावशी, 'टेबलावर ठेवलेलं पुस्तक', जसं आहे तसंच तर लिहिलंय. आणि मराठीच्या हिशोबाने तिचं बरोबरच होतं, कारण आपण 'काल आजीने डब्यात भरून पाठवलेले लाडू' असं कितीही लांबवलं तरी सगळं लाडवांच्या आधीच येतं. इंग्रजीत तसं चालत नाही.

तिथे व्ही थ्री, म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप ('ब्रेक, ब्रोक, ब्रोकन' मधलं 'ब्रोकन'), एकटं असेल तर बहुतेक वेळा नामाच्या आधी बसतं, 'ब्रोकन चेअर', 'बॉइल्ड एग'. पण त्याला शेपूट लागलं, म्हणजे कुठे, कधी, कोणी केलं हे आलं, की अख्खं प्रकरण नामाच्या नंतर जातं: 'द बुक केप्ट ऑन द टेबल'. ऑफिसच्या मेलमध्ये बघा, 'द अटॅच्ड फाइल' बरोबर आणि 'द फाइल अटॅच्ड टू धिस मेल' पण बरोबर, फक्त 'द अटॅच्ड टू धिस मेल फाइल' नको. 'बॅडली ब्रोकन चेअर' मधलं 'बॅडली' मात्र शेपूट नाही, ते व्ही थ्रीच्या आधी येतं म्हणून चालतं.

आता अर्जातलं ते 'संबंधित अधिकारी'. आपण सर्रास 'द कन्सर्न्ड ऑफिसर' लिहितो, आपल्याकडे सगळ्यांना कळतं, कोणी अडवत नाही, पण बाहेरच्या देशातला माणूस ते 'काळजीत पडलेला अधिकारी' असं वाचू शकतो. संबंधित म्हणायचं असेल तर 'द ऑफिसर कन्सर्न्ड', काळजीत असलेले आईवडील म्हणायचे असतील तर 'कन्सर्न्ड पेरेंट्स'. 'इन्व्हॉल्व्ड'चं पण तेच, 'द पीपल इन्व्हॉल्व्ड' म्हणजे त्यात सामील असलेले लोक आणि 'ॲन इन्व्हॉल्व्ड प्रोसेस' म्हणजे किचकट प्रोसेस. जागा बदलली की अर्थच बदलतो, त्यामुळे हे दोन शब्द तरी नीट लक्षात ठेवाच.

उरलेले पैसे म्हणजे 'द मनी लेफ्ट', 'लेफ्ट मनी' नाही. उरलेल्या भाताला मात्र 'लेफ्टओव्हर राइस' म्हणतात. 'समथिंग', 'एनीवन', 'दोज' यांच्यासोबत व्ही थ्री नेहमी नंतर, 'दोज सिलेक्टेड', 'समथिंग फ्राइड'.

पण मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक वेगळीच आहे आणि ती आपल्या 'लेला'मुळे होते. आपण 'कापलेला आंबा' म्हणतो तसंच 'झोपलेलं बाळ' म्हणतो, 'काच फोडलेला मुलगा' पण म्हणतो, तिन्हीकडे 'लेला' बिनधास्त चालतो. इंग्रजीत नामाला चिकटलेलं व्ही थ्री बहुतेक वेळा 'त्याच्यावर काहीतरी केलं गेलंय' एवढंच सांगतं. म्हणून 'कट मँगो' ठीक, पण 'स्लेप्ट बेबी' चूक, तिथे 'स्लीपिंग बेबी' हवं, आणि 'द बॉय ब्रोकन द विंडो' पण चूक.

डाउट आला की मध्ये 'दॅट वॉज' घालून बघा. 'द बुक दॅट वॉज केप्ट ऑन द टेबल', जमलं. 'द बॉय दॅट वॉज ब्रोकन द विंडो', नाही जमलं, म्हणजे 'द बॉय हू ब्रोक द विंडो' लिहायचं. भाचीला ही ट्रिक सांगितली तर तिने स्वतःहून अजून तीन वाक्यं दुरुस्त केली.

काही शब्द या टेस्टला दाद देत नाहीत, 'रिटायर्ड टीचर', 'फॉलन लीव्हज' यांच्यात कोणी कोणावर काही केलेलं नाहीये तरी ते बरोबर आहेत, ते सरळ पाठ करा. आणि 'आलेले पाहुणे' म्हणजे 'अराइव्ह्ड गेस्ट्स' नाही, पण आधी 'न्यूली' जोडलं की 'न्यूली अराइव्ह्ड गेस्ट्स' चालतं.